बर्फाखालच्या तळ्यात सांडलेली कावेरी

मी, कृष्णवेणी चिदंबरराव, वय एकाहत्तर, निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, राहणार मेल वीथी, तंजावूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्यासमोर पल्लांगुळीचा डाव मांडावा आणि हरून जावे. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकील प्राणेश म्हणाले, तमिळमध्ये लिहा. तमिळ प्रत त्यांनी करावी. आईने शिकवलेल्या बाळबोध अक्षरांतच मला खरे लिहिता येते.

१. मेल वीथीतील माझे स्वकष्टार्जित घर, विहीर आणि मागच्या दोन नारळांसह, माझा धाकटा भाऊ रघुराम याची मुलगी हरिता हिला द्यावे. रघुरामला न देण्याचे कारण असे: १९९६ साली मी अंटार्क्टिकाला निघाले तेव्हा भरल्या घरात तो म्हणाला, "अक्का, बर्फ पाहायाक एवढें लांब कां? पापनाशमांत ऐस फॅक्टरी आहे, बसनं नेलों असतों." सगळे हसले. मीही हसले, पण विसरले नाही. रघुरामला माझी आरामखुर्ची द्यावी. ती करकरते.

२. बँकेतील ठेवीतून तिरुवैयारुच्या मुलींच्या शाळेला सूक्ष्मदर्शक घेऊन द्यावेत. मुलींना आधी कावेरीचा थेंब दाखवावा. गुरूचे चंद्र नंतर.

३. बर्फाला भोक पाडण्याचे गिरमिट, बूट, लाल अंगरखा आणि माझ्या अठरा वह्या हरिताला द्याव्यात. ती पुढच्या उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाकडे जाते आहे, माझेच काम पुढे न्यायला. लोक अजून विचारतात, दुसरी जगे पाहायची तर दुर्बीण सोडून बर्फात कशाला जायचे? गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर जाड बर्फाखाली समुद्र असावा असे मानतात. तिथे माणूस जाऊ शकत नाही. पण पृथ्वीच्या टोकांवर बर्फाने झाकलेली तळी आहेत. तिथल्या थंडीत आणि अंधारात काय जगते आणि ते कसे शोधायचे हे शिकलो, तर उद्या तिकडे जाणाऱ्या यंत्राला काय शोधायला सांगायचे ते कळेल. रघुरामला हे मी चार वेळा समजावले आहे. पाचव्यांदा हरिताने समजवावे.

४. माझे पदक, मी जिथे नोकरी केली त्या संशोधन संस्थेला परत द्यावे. ते मला नमुने आणि यंत्रे निर्जंतुक ठेवण्याच्या नियमावलीसाठी मिळाले. नियम उत्तम आहेत. दुसऱ्या जगात जीव शोधायला जाताना आपलेच जंतू बरोबर नेले, तर आपल्यालाच आपण सापडू. पदक काचेच्या कपाटात ठेवायचे असेल तर त्याखाली कलम पाच चिकटवावे. नुसते पदक ठेवू नये.

५. आता जे लिहायला बसले ते.

आमच्या घरची रीत अशी की नव्या पाण्याला जाताना तिरुवैयारुच्या घाटावरचे पाणी चेंबूत, म्हणजे लहान लोट्यात, भरून न्यायचे, तिथे ओंजळभर घालायचे आणि तिथले पाणी आणून कावेरीत सोडायचे. निघताना आईने हातात तांब्याचा चेंबू दिला. "वेणी, तेथचें पाणी अम्च्या कावेरीस अजून भेटलें नाही. तूं नाही तर कोण भेटविणार?"

१९९७ च्या संक्रांतीला आम्ही दोघेच त्या गोठलेल्या तळ्यावर होतो, मी आणि आमचे तंत्रज्ञ सेतुराम. ते पापनाशमचे, घरी आमच्यासारखीच मराठी बोलणारे. दोन दिवस गिरमिट फिरवून भोक पाण्यापर्यंत नेले होते. त्यांना मी तंबूत चहा करायला पाठवले. झोपायच्या पिशवीत जपून ठेवलेला चेंबू काढला आणि त्या भोकात ओंजळभर कावेरी घातली. एवढ्या मोठ्या तळ्याला ओंजळीने काय होणार, असे स्वतःला सांगितले. माझ्या विद्यार्थ्याने हे वाक्य उच्चारले असते तर मी त्याला त्याच दिवशी प्रयोगशाळेबाहेर काढले असते.

दुसऱ्या दिवशी सेतुरामांनी त्याच भोकातून नमुना काढला. परत आल्यावर त्यात भरपूर जीव वाढले आणि संस्थेत पेढे वाटले गेले. मग जनुके तपासली. ते जीव भाताच्या शेतातल्या चिखलात राहणारे निघाले. मला तिथेच सगळे कळले. चौकशी समितीने लिहिले, "नमुना काढणाऱ्याचा हलगर्जीपणा." सेतुराम माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी गप्प राहिले.

त्यांना पुन्हा कधी बर्फावर नेले नाही. इतक्या सफाईने गिरमिट चालवणारा माणूस भांडारात काचेच्या नळ्या मोजत निवृत्त झाला. मी नियम लिहिले आणि पदक घेतले. मला याची लाज वाटते. अठ्ठावीस वर्षे वाटते आहे.

मेल्यावर कबुली देणे सोपे, तोंड दाखवावे लागत नाही. म्हणून या कलमाची प्रत संस्थेच्या नावे पाकिटात घातली आहे. आज रविवार, उद्या पोस्टात जाईल. सेतुराम या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा हे सर्व मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे प्राणेश म्हणतात. सरी, ठीक आहे. सेतुरामांचे नाव त्यांचे त्यांना परत जाते आहे, त्याला देणगी म्हणत नाहीत.

६. चेंबू हरिताला द्यावा. तिने तो मागितला आहे, आणि कशासाठी ते मला ठाऊक आहे. अट एकच: चेंबू तंजावुराबाहेर जाणार नाही.

७. माझ्या अस्थी तिरुवैयारुला कावेरीत सोडाव्यात. काही विद्यार्थ्यांनी प्रेमाने सुचवले आहे की त्यातली चिमूटभर अंटार्क्टिकाला न्यावी. अजिबात नेऊ नये. तिकडे मी पुरेसे सांडून आले आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्राणेश यांनी करावी. रघुराम भांडायला आला तर त्याला आधी कॉफी द्यावी.

स्थळ: तंजावूर. दिनांक ३ ऑगस्ट २०२५, तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस. बायका कावेरीपूजनाला निघाल्या आहेत.

सही: कृष्णवेणी चिदंबरराव

साक्षीदार:
१. डॉ. महालक्ष्मी, मेल वीथी, तंजावूर
२. सेतुराम, पापनाशम

साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली तमिळ अक्षरांत लिहिलेले बोल, प्राणेश यांनी बाळबोधात उतरवले ते असे:

"अक्कांनी वाचलें, मी ऐकलों. कलम पांचांत एक चूक आहे. अक्का तेथें एकट्या नव्हत्या. चाय झाली होती, बोलवायाक मी आलों होतों. मागें उभा राहून मीही हात जोडलों. दुसऱ्या दिवशीं त्याच भोकांतलें पाणी काढलों, तेव्हां मला ठाऊक होतें. पत्रांतही असेंच लिहावें, मग पोस्टांत टाकावें."

दुरुस्ती मान्य. पाकीट फोडले आहे.
कृष्णवेणी