केक मी केला होता

प्रति,
मा. नोंद-अधिकारी,
कुटुंब-शुश्रूषा वर्षे विभाग,
निवृत्तिवेतन कार्यालय.

अर्जदार : नोरीन हेस्लॉप, पिट रो, हॅगडन, जि. डरहॅम.

विषय : आजारी आईच्या शुश्रूषेत गेलेली अकरा वर्षे पेन्शनसाठी धरण्याबाबत (दुसरा अर्ज).

संदर्भ : 'मागणी निकाली काढली' असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

१. माझी आई कै. हिल्डा हेस्लॉप हिला १९८४ साली पक्षाघात होऊन तिची डावी बाजू गेली. मी तेव्हा जर्सी-स्वेटरच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होते. नोकरी सोडून मी 'घरी बसले', असे आपल्या पत्रात म्हटले आहे. आईला उचलणे, धुणे, भरवणे आणि रात्री चारदा कूस बदलून देणे यास आपले कार्यालय बसणे म्हणत असल्यास माझी हरकत नाही. मात्र मग आपल्या कार्यालयात चालते त्यास काय म्हणावे, तेही कृपया कळवावे.

२. आपला नियम असा की, आजारी माणसाला परिचर्या भत्ता मंजूर असेल, तरच त्याची सेवा करणाऱ्याची वर्षे पेन्शनला धरतात. आईला भत्ता मंजूर झाला नाही. सबब आई आजारी नव्हती, सबब मी काही केले नाही. वर्षे कमी पडल्याने माझी पेन्शन कापली गेली असून सध्या मी कोळशाऐवजी दोन स्वेटरांवर भागवते.

३. भत्ता का नाकारला, ते आता लिहिते. तपासणीसाठी सरकारी डॉक्टर येणार म्हटल्यावर आईने मला पहाटेच उठवले. "अगं, पाहुणा येतोय घरी! लोक काय म्हणतील?" पुढच्या खोलीत शेगडी पेटली. ही खोली आमच्याकडे पाद्री आणि प्रेत यांच्याखेरीज कोणासाठी उघडत नाही. पाद्रीबुवांचे सोनेरी काठाचे कप बाहेर निघाले. आईला मी चर्चचा निळा झगा घातला, केस बसवले, डावा हात शालीखाली झाकला. या सगळ्यास तास दोन तास लागले. डॉक्टर वीस मिनिटे होते.

४. त्यांनी विचारले, "काय हेस्लॉपबाई, त्रास होतो का फार?" आई म्हणाली, "छे हो! माझ्याहून वाईट हालत असलेले कितीतरी आहेत. घ्या, केक घ्या, मीच केलाय." आणि चांगल्या हाताने तिने चहा ओतला, थेंब सांडू दिला नाही. मी दारात उभी होते. पाहुण्यासमोर आईला खोटे पाडणारी मुलगी आमच्या घरांच्या ओळीत अजून जन्मायची आहे. डॉक्टरांनी दोन तुकडे खाल्ले आणि 'चहा ओतते, केक भाजते, चित्तवृत्ती प्रसन्न' असे लिहून ते गेले.

५. ते गेल्यावर आई खुर्चीतून उठू शकली नाही. खुर्ची आणि निळा झगा दोन्ही मला धुवावे लागले. नकाराचे पत्र आले तेव्हा मात्र ती हसली. "बघ, पास केलं मला डॉक्टरनं!" पुन्हा अर्ज करू म्हटले तर म्हणाली, "तुझे वडील खाणीत मेले, पण कोणापुढे हात पसरला नाही त्यांनी." त्यानंतर दहा वर्षे ती पासच होती. मी तिच्यावर चिडत होते, अजूनही चिडते.

६. माझा भाऊ कॉलिन लीड्सला असतो. तो नाताळला बिस्किटांचा डबा घेऊन येत असे. त्याला पूर्ण पेन्शन आहे. अंत्यविधीच्या दिवशी हॅम सँडविच खाताना तो मला म्हणाला, "तुझं बरं होतं गं नोरीन, घरीच तर होतीस." शेजारीण विनी रॉब्सन म्हणते, "अगं, अकरा वर्षं तुरुंगात काढली असतीस, तर निदान कागद तरी मिळाला असता." या दोन मतांपैकी मला दुसरे पटते.

७. पहिल्या अर्जानंतर आपल्या कार्यालयातून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड होता. तिने विचारले, "फार कठीण गेली का हो ती वर्षं?" मी म्हणाले, "छे गं, भागवलं आम्ही. लोकांना याहून वाईट दिवस येतात." फोन ठेवला तेव्हा लक्षात आले. माझ्या तोंडून आई बोलली होती. 'अर्जदारास विशेष अडचण नव्हती' असे त्या मुलीने लिहिले. तिचा दोष नाही, तिला केकसुद्धा मिळाला नाही.

८. सबब विनंती की, ते फोनवरचे उत्तर रद्द समजावे. फार कठीण गेले. माझे लग्न ठरत होते, ते मोडले. मी तिशीची आत गेले आणि चाळिशीची बाहेर आले. हे मी कागदावर लिहू शकते, कारण कागदाला चहा द्यावा लागत नाही.

९. समक्ष चौकशीस आपले अधिकारी गुरुवारी येणार असल्याचे कळले. त्यांना मागच्या दाराने स्वयंपाकघरात घेण्यात येईल. शेगडी पेटणार नाही, कप निघणार नाहीत, आणि 'कशा आहात?' या प्रश्नाचे खरे उत्तर देण्यात येईल.

निकालाची वाट पाहणारी,
नोरीन हेस्लॉप
हॅगडन, सोमवार, ९ फेब्रुवारी

सोबत : (१) आईचा मृत्यूचा दाखला. (२) विनी रॉब्सन यांचे निवेदन. त्यातील शिव्या त्यांच्या स्वतःच्या आहेत.

ता. क. : अधिकारी चहात साखर किती घेतात, ते बुधवारपर्यंत कळवावे. केकही असेल. तो मी केलेला आहे, एवढे त्यांनी येण्याआधीच लिहून ठेवावे. समोर विचारल्यास मी 'काही विशेष नाही हो' म्हणेन.