चक्कीच्या गाण्यातली तीन मिनिटं

वाशीम,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय वच्छलाताई,

जय भीम. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. रूपाकडून वाचून घेऊ नकोस. सुनेसमोर ऐकण्यासारखं हे नाही. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

माझा गुडघा आहे तसाच आहे. तू पाठवलेली मुगाची डाळ चांगली शिजते. बीपीची गोळी सुरू ठेव. बरं वाटलं की बंद करायची नसते, हे शंभरदा सांगून झालं आहे.

पुण्याचा कोणी एक माणूस भंगारातल्या जुन्या कॅसेटी विकत घेतो आणि त्यांत काही विचित्र सापडलं की इंटरनेटवर टाकतो. कुठल्या लग्नातलं भांडण, कोणी नवऱ्याचं भरून ठेवलेलं घोरणं. आमच्या पल्लवीला असल्या गोष्टींचा भारी नाद. परवा भाजी निवडताना मोबाइल माझ्या कानाशी आणून म्हणाली, "आई, आयका तं! हे बाई सेम तुमच्यासारखी ओरडून राह्यली!"

त्या कॅसेटीचं नाव पुण्याच्या माणसाने ठेवलं आहे, 'चक्कीचं गाणं आणि रागीट बाई'. बायका गातात, मागे तेलाचा डबा वाजतो, मध्येच गाणं तुटतं आणि एक बाई तीन मिनिटं मोहेंजोदडोची गटारं शिकवते. "शांत बसा! गटारं झाकलेली होती. का झाकलेली होती?" मग पुन्हा गाणं. चार लाख लोकांनी ऐकलं आहे. एका पोराने 'का झाकलेली होती'ला ढोलकी लावून नाचण्याजोगं करून टाकलं आहे.

मी पल्लवीला म्हटलं, "आवाज बंद कर, मेथी बघ."

ताई, ती बाई मी आहे. आणि गाणं तुझं आहे.

'जातं बसलं रुसून, चक्की आली गावात.' किन्हीराजात पिठाची गिरणी आली तेव्हा तू जोडलेलं. जयंतीला तुमच्या गायन पार्टीने म्हटलं, भाऊजींनी डबा वाजवला आणि मागून आणलेल्या टेपवर भरून घेतलं. त्यांनी कॅसेटच्या पाठीवरचे दोन तुकडे मोडले आणि म्हणाले, "आता याच्यावर कोनाले काही भरता येत नाही." अकोल्याला दुसरी प्रत काढून आणते म्हणून मी ती घेऊन गेले. चौऱ्याऐंशी साल, माझं बी.एड. चालू होतं.

तुला मी सांगितलं, मशीनने फीत खाल्ली. तू म्हणालीस, "जाऊ दे माय. तुह्या हाताले तं काही लागलं नाही ना?"

मशीनने काही खाल्लं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझा पाठ होता, सरावासाठी कोरी कॅसेट नव्हती. मोडलेल्या तुकड्यांच्या जागी मी कागदाचे बोळे कोंबले आणि तुझ्या गाण्यावर माझी गटारं भरली. इतकंच असतं तर घाई म्हणता आलं असतं. पण आदल्या संध्याकाळी वसतिगृहातल्या मुलींनी ते गाणं ऐकलं होतं. त्या हसल्या आणि विचारलं, "कोण गं ही?" मी म्हटलं, "माहीत नाही. खेड्यातली कोणीतरी." त्यानंतर ते पुसायला मला जड गेलं नाही.

याहून वाईट पुढे आहे. भाऊजी गेले तेव्हा, तिसऱ्या दिवशी, तू मला कोपऱ्यात नेऊन विचारलंस, "त्या फितीतला तुकडाबी नाही का उरला? त्याहिचा आवाज होता त्याच्यात." मी नाही म्हटलं. कॅसेट माझ्या पेटीत होती, ताई. ती दिली असती तर माझा आवाजही तुला ऐकू आला असता. दोन वर्षांपूर्वी घर बदललं, तेव्हा पेटीसकट भंगारात घातली. छत्तीस वर्षं वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना मी उभं केलं आहे.

गाण्याच्या शेवटी भाऊजी आहेत. डबा थांबतो आणि ते म्हणतात, "वच्छले, अजून एकडाव म्हन." स्पष्ट ऐकू येतं. मी तिथवर चार वेळा गेले, पाचव्यांदा गेले नाही.

त्या पानावर दोन महिन्यांपासून कोणीतरी विचारतं आहे, गाणारी कोण? काल मी पल्लवीला सगळं सांगितलं आणि तिच्याकडून उत्तर लिहून घेतलं. 'गाणं रचणारी आणि गाणारी वच्छला पंजाबराव इंगोले, किन्हीराजा. डबा पंजाबराव इंगोले. मध्ये ओरडणारी तिची सख्खी बहीण, जिने हे पुसलं.' तुला न विचारता केलं. तुला विचारलं असतं तर शेवटचं वाक्य तू काढायला लावलं असतंस.

रविवारी सकाळच्या एसटीने येते. पल्लवीचा मोबाइल सोबत आहे. मी फाट्यावरच थांबेन. मला घरी न्यायचं नसेल तर रूपाला पाठव. मोबाइल तिच्याकडे देईन आणि तू ऐकेपर्यंत तिथेच बसेन. कितीही वेळा ऐक. परतीची गाडी दुपारी आहे, ती चुकली तर संध्याकाळचीही आहे.

माझ्या हाताला काही लागलं नव्हतं, ताई.

तुझी धाकटी,
गोमती