घरी चालतं ते

घरच्या लक्ष्मीस परगावाहून आठवण.

तुझा गुडघा कसा आहे? आईचा खोकला थांबला का? धाकट्या बहिणीच्या डोळ्याची सूज उतरली का? मी खुशाल आहे, लेक-जावई जपतात.

वेळ जाईना म्हणून इथल्या बुद्धिबळ क्लबात नाव घातलं. पहिलाच डाव एका शिंप्याशी पडला. मी वजीर पुढे ठेवला आणि सवयीने परत उचलला. तो हळूच म्हणाला, "काका, ठेवलेली चाल परत नाही घेता येत."

"आमच्या घरी चालतं!"

"मग घरीच खेळा की," मागून कुणीतरी बोललं आणि सगळे हसले. माझं डोकं फिरलं. पट उधळला आणि चपला अडकवून निघालो. दारातून वळून पाहिलं, तर शिंपी बिचारा वाकून प्यादी वेचत होता.

लेकीला सांगितलं, डाव बरोबरीत सुटला. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तू मला किती चाली परत घेऊ दिल्यास गं! एकदाही हसली नाहीस. मी आपला घरचा वाघ. शनिवारी क्लबात जाऊन शिंप्याची माफी मागणार आहे. तू कधी मुद्दाम हरलीस का, ते खरं लिही, आणि शनिवारच्या आत लिही.

तुझाच