महलका नावाच्या दोघी

मुंबई, ११ नोव्हेंबर १९८२

प्रिय आपा,

तू पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं. डॉक्टरांनी आंबट बंद केलंय, तरी बोटानं चाटतेच. वरचा सूर आता पूर्वीसारखा लागत नाही. परवा संगीतकार म्हणाले, "बाई, पट्टी उतरवू." उतरवली. गझलेला खालचा सूर शोभतो, अशी मीच माझी समजूत घातली.

वीस वर्षांत काय काय गायले गं! क्लबातली गाणी, भजनं, अंगाई. एका लावणीतला 'ळ' जमेना, तर ढोलकीवाल्यानं दोन दिवस माझ्याकडून 'काळे राळे, गोरे राळे' घोकून घेतलं. आणि तरी लोक म्हणतात, महलका भोपाली म्हणजे गझल.

बासष्टच्या त्या मार्चमध्ये रेडिओवर तुझा आवाज ऐकून मुंबईहून तुला गायला बोलावणारं पत्र आलं, तेव्हा तू टायफॉइडनं फणफणली होतीस. अब्बा मला घेऊन निघाले. "ती आजारी आहे, एवढंच सांगून येऊ," म्हणाले. पण तिथं गायला लावलं, आणि नाव विचारलं तेव्हा माझ्या आधी अब्बांनीच तुझं नाव सांगितलं, "महलका." मी तोंड उघडलं नाही. सतरा वर्षांची होते, पण मुकी नव्हते. पुढं तबकडीवर तेच छापलं गेलं.

तू बरी झालीस, शाळेत शिकवायला लागलीस, आणि कधी अवाक्षर काढलं नाहीस. दूधवाला चिडवायचा, "बाई, नाव तर मोठं आहे, गा की एखादं!" ते तू हसत सांगायचीस. पण आपल्या चुलतबहिणीच्या, रफियाच्या लग्नात तू गायलीस, तेव्हा मी दाराआडच होते. गाणं संपल्यावर कुणीतरी म्हणालं, "वा, त्या महलकाची नक्कल हुबेहूब करता!" त्यानंतर तू कुठल्याच लग्नात गायली नाहीस. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं पळून आले, रेकॉर्डिंग आहे म्हणून. रेकॉर्डिंग नव्हतं.

पुढच्या महिन्यात भोपाळ 'आपल्या महलकाचा' सत्कार करणार आहे. मी मंचावरून सगळं सांगायचं म्हणते. गझलांची नवी तबकडी माझ्या खऱ्या, तस्नीम नावानं निघतेय. कंपनीवाले म्हणाले, "ही तस्नीम कोण? कुणी घेणार नाही." न घेवोत. पण सांगितलं की शहरभर तुझ्याकडे बोटं वळणार, शाळेत मुली विचारणार. तुझं नाव घेताना मी तुला विचारलं नव्हतं. परत देताना तरी विचारते. देऊ? नको असेल तर तसं कळव, मी गप्प बसेन. फक्त या वेळी तुझ्या सांगण्यावरून.

तुझीच,
तस्नीम