खाली पेंढा होता

नेरूळ, १९ नोव्हेंबर

चि. प्रियदर्शिनी,

आशीर्वाद. वेळेवर जेवत जा. तुझ्या आईंना नमस्कार सांग.

केतनची सॅक सापडली. शोधपथकाचे अधिकारी सकाळी स्वतः फोनवर बोलले. खिंडीच्या अलीकडे, बर्फात होती. झोपायची चटई सॅकला बांधलेली, तशीच आहे. थंडीत आत शिरून झोपायची ती चंदेरी बॅग मात्र आत नाही. तेवढीच घेऊन तो पुढे गेला असणार. फोनवर सांगितलं नाही, कारण तुझ्या सासूबाई शेजारीच बसून होत्या.

तू विचारलं होतंस, "बाबा, ती बॅग खरंच जीव वाचवते का?" ट्रेकसाठी तुझी रजा मंजूर झाली नाही म्हणून तुझ्यासाठी आणलेली बॅग कपाटातच राहिली. ती घेऊन मी गेल्या आठवड्यात वाशीच्या फळबाजारात, आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेलो. सफरचंदांच्या खोलीत पेंढा पसरला, त्यावर बॅग, आत मी. वेफर्सच्या पुड्यासारखी कुरकुरत होती, पण ऊब धरली. डुलकीसुद्धा लागली. त्याच आनंदात तुला फोन केला. किती दिवसांनी हसलीस तू.

पेंढा का पसरला, ते आज चटईचं ऐकून कळलं. जन्म फळं ठेवण्यात गेला. गार फरशीवर काही ठेवायचं म्हटलं की हात आपोआप पेंढ्याकडे जातो. त्या दिवशी मी बॅग तपासलीच नव्हती.

म्हणून आज दुपारी पुन्हा गेलो. खाली काही घेतलं नाही. श्वासाने बॅग आतून ओली झाली. पाठ आधी दुखली, मग दुखायची थांबली. दारावरच्या शिवाने मला ओढून बाहेर काढलं.

"काका, तुमी मानूस हाय का सफरचंदाची पेटी?"

"अजून थोडं राहू दे रे."

"ओठ बघा आरशात! जांभूळ खाल्ल्यावानी झालेत."

मग त्याचं लक्ष बॅगेकडे गेलं. चहा आणून दिला आणि बॅगेची घडी घालू लागला.

आमच्या खोलीत वारा नसतो, पोरी. बर्फही नसतो. पुढचं लिहीत नाही.

'मी बरोबर असते तर चटई काढली असती,' असं मनात आणू नकोस. तू गेली असतीस तर मी आज दोघांबद्दल लिहीत असतो, आणि कोणाला लिहिलं असतं?

सासूबाई रोज त्याच्या स्वेटरला ऊन दाखवतात. त्यांना मी पेंढ्याच्या दिवसाचंच सांगितलंय. तूही तेच सांग.

हवा उघडली की पथक पुन्हा वर जाईल, बहुतेक सोमवारी. उद्या सकाळी माझं रक्त घेणार आहेत. वर काही सापडलं तर जुळवून बघायला. घरी सांगितलंय, साखर तपासायला जातोय.

केतनचा बाप, आणि तुझाही,
जोतीराम