पाच घरांची एक मशीन

प्रिय मावशी,

तर तू फोन कट केलास तिथूनच पुढे सांगते. (कुकर झाला म्हणालीस, पण मला एकही शिट्टी ऐकू आली नाही. मी 'कर्ज' म्हणाले म्हणून ठेवलास ना?) आधी नमस्कार, दुखऱ्या गुडघ्याला हलकेच आणि दुसऱ्याला नीट वाकून. गोळ्या घेतेस ना? आईनेही तुझी चौकशी केली, म्हणजे "असेल बरीच, तिला काय होतंय" असं म्हणाली. तिचं प्रेम तुला माहीतच आहे.

आता कर्जाचं ऐक, पत्र कट करता येत नाही! आईच्या गटात पाच बायका आहेत आणि त्या एकमेकींना जामीन आहेत. एकीचा हप्ता चुकला, तर बाकीच्या चौघींनी भरायचा. संस्थेने प्रत्येकीला एकेक शिलाई मशीन घ्यायला कर्ज दिलं. आमच्या बायकांनी काय केलं? पाचही कर्जं एकत्र करून एकच मशीन आणली, पण अशी दणकट की जाड कॅनव्हासचे चार पदर सहज शिवते. म्हणून तर शाळेच्या दप्तरांची ऑर्डर मिळाली. आज आमच्याकडे, उद्या शेजारी, अशी ती हातगाडीवरून फिरते. (मशीन कसली, पाच माहेरं असलेली लाडकी लेक आहे ती.) आता ऑर्डर वाढली, म्हणून दुसऱ्या मशीनसाठी नवं कर्ज मागितलं. ते द्यायच्या आधी संस्थेचे साहेब घरोघरी मशिनी बघायला येणार, असा निरोप आला. पाच घरं, पाच मशिनी. आली का पंचाईत?

आई म्हणाली, खरं ते सांगून टाकू. पण माझ्या डोक्यात टोटली ब्रिलियंट प्लॅन आला होता. साहेबांना एका घरी चहात गुंतवायचं आणि तेवढ्यात मागच्या गल्लीतून मशीन पुढच्या घरी न्यायची. मी ओढणार, घाईबाई ढकलणार. (घाईबाई म्हणजे गटातल्या त्या, ज्या चहा उकळायच्या आधीच गाळतात.) दोन घरं मस्त पार पडली. तिसऱ्या घरी साहेब खिसे चाचपायला लागले, चष्मा सापडेना. आणि सापडला कुठे? समोरच्या मशीनवर! दुसऱ्या घरी, म्हणजे आमच्याकडे, त्यांनीच तो तिथे ठेवला होता. त्यांनी तो शांतपणे डोळ्यांवर चढवला, मशीनकडे पाहिलं, मग धापा टाकणाऱ्या माझ्याकडे, मग खिडकीबाहेरच्या हातगाडीकडे.

घाईबाई घाईने म्हणाल्या, "सगळ्या मशिनी सारख्याच दिसतात हो, साहेब."

"आणि चष्मे?" साहेब म्हणाले.

मावशी, मला वाटलं, गेलं सगळं! दुसरी मशीन, ऑर्डर, आईचं नाव. पण साहेबांबरोबर आमच्या घरून आलेली आई पुढे झाली. पदर खोचला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, "पाच लहान मशिनी घेतल्या असत्या, तर पाचजणी गल्लीतल्या पँटी आखूड करत बसलो असतो. मागे या घरची ही आजारी पडली, तेव्हा हिच्या वाटची दप्तरं आम्ही शिवली. हप्ता चुकला का? एकमेकींना जामीन राहा, असं तुम्हीच सांगितलंत. आम्ही जरा जास्तच मनावर घेतलं, एवढंच."

साहेबांनी तिसरा चहा संपवला आणि म्हणाले, "लिहितो तसंच. मशीन एक, मालकिणी पाच. नव्या कर्जाची शिफारसही करतो." परत येताना हातगाडीला त्यांनीही हात लावला! मी लिटरली रडले. (सगळ्यांना घाम आहे म्हणून सांगितलं.) ही माझी आई आहे, असं अख्ख्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. गल्लीला माहीत होतं म्हणून थांबले.

तुझीच,
हातगाडीची ड्रायव्हर

ता. क. घाईबाई या महिन्यात लेकीकडे राहायला चालल्यात, कायमच्या. चौघींना नवं कर्ज मिळत नाही. पाचवी हवी, भरवशाची, शिवण येणारी आणि याच गल्लीत राहणारी.

ता. ता. क. आमच्या शेजारची खोली रिकामी आहे. तळमजला आहे, एकही पायरी नाही. आणि आईला शिवण कुणी शिकवलं, सांग बघू?

ता. ता. ता. क. हे पत्र आईला माहीत नाही. "ती यायची नाही, विचारूसुद्धा नको" म्हणाली, आणि काल त्या खोलीची खिडकी स्वतः पुसून आली. साहेबांनी पाचवीचं नाव विचारलं, ते मी देऊन टाकलंय. आता एवढंच सांग, तुझ्या वारी मशीन खिडकीकडे तोंड करून ठेवायची की दाराकडे? तुला काय वाटतं?