भोंग्याचं तोंड गल्लीकडे होतं

ता. ३ मार्च

ती. स्व. दादास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं कुणी ऐकलं नाही म्हणून तू बिचारा, आणि माझं भोंग्यातून गेलं म्हणून मी नालायक! हा कुठला न्याय, ते मला एकदा सांग. दोन महिने झाले, तू फोन उचलत नाहीस. वहिनीचा तर लागतच नाही. मग बसलो शेवटी कागद घेऊन. अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं आहे, लागेल तेवढं वाच.

आधी भांडण कुणी काढलं ते आठव. निवडणुकीची सभा त्यांची होती, ज्यांना जुनी शाळा पाडून तिथे बाजाराची इमारत बांधायची आहे. लाऊडस्पीकर भाड्यानं देणं हा तुझा धंदा, त्यांनी भाडं दिलं, आपण सामान घेऊन मैदानावर गेलो. तू शिडीवर चढून भोंगा बांधत होतास, मी खाली माईक धरून उभा. तिथवर सगळं ठीक. मग वरून तूच सुरू केलंस, की हे लोक पोरांची शाळा हिरावून घेणार आणि आपण त्यांचाच आवाज मोठा करून देतोय. मी एवढंच म्हटलं, की बाजार झाला तर माझ्यासारख्याला घराजवळ काम मिळेल, इतक्या लांब येऊन परक्यांच्या चादरी धुवाव्या लागणार नाहीत. यात काय वाकडं बोललो? याच्यावर तू बाजाराबद्दल काहीतरी बोलायचंस. तर तू म्हणालास, सातवीतून भिंतीवरून उडी टाकून पळालेल्याला शाळेची काय किंमत, आई आज नाही तेच बरं, तुला बघून तिनं मान खाली घातली असती. दादा, शाळा आणि बाजाराच्या मधे आई कुठून आली?

मग माझीही जीभ सुटली. स्वतःच्या घरात पाळणा हलला नाही आणि निघालाय दुनियेच्या पोरांची काळजी वाहायला, असं बोलून गेलो. माईक सुरू होता हे मला खरंच माहीत नव्हतं. भोंग्याचं तोंड आपल्या गल्लीकडे होतं. तुझं बोलणं शिडीवरच राहिलं, माझं घराघरांत गेलं. मैदानावर खुर्च्या मांडणारे लोक हसले तेव्हा मला कळलं.

संध्याकाळीच मी पिशवी उचलून निघालो. वहिनी बाहेर आली नाही, मीही आत गेलो नाही. पण चूक एकट्या माझी कशी? तुझ्या हातात माईक असता तर आज गल्लीनं तुला नावं ठेवली असती.

वहिनी कशी आहे ते तरी कळव. राग ठेव, पण उत्तर पाठव.

तुझा
धाकटा


ता. १९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर लागलं.

तुझी वहिनी इथे नाही. ती तिच्या भावाकडे गेली आहे. किती दिवसांसाठी, ते बोलली नाही. जाताना लाऊडस्पीकरच्या मशीनवरची धूळ पुसायचं फडकं धुऊन दांडीवर टाकून गेली, आणि मला सांगून गेली की दूध उतू जातं, समोर उभं राहायचं. रोज समोर उभा राहतो. रोज उतू जातं.

गल्लीतली पोरं मला बघितलं की दोन्ही हातांनी पाळणा हलवल्यासारखं करतात. त्यांना त्याचा अर्थही माहीत नसेल. मोठी माणसं करत नाहीत, फक्त हसू दाबतात. माझं कामाला जाणं-येणं चालू आहे.

निवडणुकीचं तू विचारलं नाहीस. तुझे लोक आले निवडून. शाळा होती तिथेच आहे आणि बाजाराचा अजून एक दगड पडलेला नाही. मैदानावर आता ट्रक उभे राहतात.

मी शिडीवरून तुला जे बोललो ते बोलायला नको होतं. आईचं तर नकोच होतं. तू म्हणतोस ते खरं आहे, माईक माझ्या हातात असता तर मीही सुटलो नसतो. पण नव्हता. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा
दादा


ता. २८ मार्च

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या भावाच्या पत्त्यावर लिहितोय. हाती पडलं नाही तर नाही.

माझ्या कामाचं सांगतो. इथे हॉटेलांच्या चादरी येतात, डोंगरासारख्या. धुऊन झाल्या की गरम रुळाखालून काढायच्या. त्याला दोन माणसं लागतात. एक टोक मी धरतो, दुसरं लांब्या धरतो. लांब्या म्हणजे माझा जोडीदार, उंटासारखा वाढलाय. तो अगदी उलट्या पक्षाचा. सकाळी चादर हातात घेतली की आमचं जे जुंपतं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत. तो माझ्या लोकांना चोर म्हणतो, मी त्याच्या लोकांना दरोडेखोर. एकदा तर दोघांनी रागानं दोन बाजूंना ओढली आणि चादर टरकावली. मुकादमानं दोघांना झापलं.

पण वहिनी, गंमत बघ. एवढं होऊन तो मला कधी लागेल असं बोललेला नाही. मी विचार करत होतो, हा काय माझ्या दादापेक्षा भला माणूस आहे का? तसं काही नाही. त्याला माझ्या घरचं काही माहीतच नाही! मी शाळा कधी सोडली, आई कधी गेली, काही नाही. आणि मला त्याचं माहीत नाही. मग बोलायला उरतो फक्त पक्ष. दादाला आणि मला ना शाळेचं नीट ठाऊक, ना बाजाराचं. काय पाठ आहे, तर कुणाचं कुठे दुखतं ते. भांडणात मुद्दा संपला की माणूस जे पाठ आहे तेच काढतो.

हे कळून आता काय उपयोग. मी मारलं दादाला आणि लागलं कुणाला, ते मला ठाऊक आहे. पुढचं मला लिहिता येत नाही. चार वेळा खोडलं.

दादा रोज दूध उतू घालवतोय. तू घरी जा. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस.

एका जागी टिकत नाही म्हणून तू मला भिंगरी म्हणायचीस, ती माया आटली नसेल तर दोन ओळी पाठव.

तुझा
भिंगरी


ता. १२ एप्रिल

चि. भिंगरीस,
वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

इतकी खाडाखोड करून शेवटी माफी मागायची राहिलीच की रे! बरं केलंस. तुला ती जमली नसती आणि मला ती वाचवली नसती.

पाळणा हलला नाही हे खरंच आहे. पण मी त्या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. नऊ वर्षांच्या पोराला पाळणा लागत नाही. तुझ्या उवा काढल्या, तापात उशाशी बसले, शाळेतून पळालास तेव्हा तुला लपवलं आणि दादाला सांगितलं की दिसला नाही. मला वाटायचं, माझं आईपण यातच झालं. तुझा आवाज भोंग्यातून आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. आवाज ओळखला आधी, शब्द मागून कळले. खूप रडले. मग उठले आणि तुझ्या प्रवासाचा डबा भरला. बाहेर आले तर तू गेलेला. तो डबा मीच खाल्ला दुसऱ्या दिवशी.

तेवढ्यावर घर सोडणारी बाई मी नाही. तुझा दादा तुला हे लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. तू गेल्यावर त्याच लोकांची दुसरी सभा झाली. लाऊडस्पीकर आपलाच. बोलायला उभा राहिला आपल्या कोपऱ्यावरचा औषधवाला, ज्याच्या दुकानात मी कितीदा मूल होण्याच्या औषधांचा कागद पुढे करून खाली मान घालून उभी राहिले असेन. शाळा वाचवा म्हणणाऱ्यांची टर उडवताना त्यानं तुझंच वाक्य उचललं. नाव घेतलं नाही. घ्यायला कशाला हवं? मैदान हसलं. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता आवाज बंद पडेल. मशीनपाशी तुझा दादाच बसलेला असतो. एका बटणाचं काम. मी वाट बघितली. भाषण पूर्ण झालं. टाळ्यासुद्धा स्वच्छ ऐकू आल्या.

घरी आल्यावर विचारलं. म्हणाला, भाडं घेतलं होतं, मधेच बंद केलं तर पुन्हा कोण बोलावेल. खरंही असेल. एकच वायर तो तीनदा सोडून तीनदा गुंडाळत होता, तेही मी बघितलं. पण तू रागात बोललास. तो शुद्धीवर असून गप्प बसला. हे मला गिळता येईना.

आणि गल्लीतल्या बायका एकदम गोड झाल्या रे. मी गेले की बोलणं बदलायचं. कुणाच्या कडेवर लेकरू असलं तर ती त्याला दुसऱ्या कडेवर घ्यायची, मला दिसून वाईट वाटू नये म्हणून. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांना उत्तर दिलं असतं.

त्या गल्लीत मी परत जाणार नाही. इथे शिवणाच्या दुकानात काम धरलंय. दुकानामागे एक खोली रिकामी आहे. तुझा दादा इथे आला तर दार उघडीन, असं त्याला कळवलंय. त्याचं उत्तर आलं, की हे घर सोडलं तर धाकटा आला की जाईल कुठे. तुझं नाव पुढे करतो. खोलीवाला आगाऊ रक्कम मागतो आणि ती त्याच्याकडे नाही, हे मात्र लिहीत नाही. महिनाअखेर खोली दुसऱ्याला जाईल.

माया आटत नसते. थकते कधीकधी. तेवढं समजून घे.

तुझी
वहिनी


ता. २१ एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न.

वहिनीचं पत्र आलं. दुसऱ्या सभेचं कळलं.

त्याबद्दल तुला चार ओळी लिहिल्या होत्या. फाडून टाकल्या. चांगल्या जमल्या होत्या, तुला आठ दिवस जेवण गेलं नसतं. म्हणूनच फाडल्या. परवा मुकादम लांब्याला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलला, आणि मी चादरीचं टोक धरून छताकडे बघत उभा होतो. माझीही रोजी होती. तेव्हा तू मशीनपाशी कसा बसला असशील ते मला दिसलं. बरोबर होतं असं म्हणत नाही. दिसलं, एवढंच.

घर सोड. माझं नाव पुढे करू नकोस. मी आलो की जाईन कुठे, ही काळजी तू नऊ वर्षांच्या पोराची करतोयस, मी आता मिशीवाला आहे. घरमालकाला किल्ली दे, आईचा फोटो कपड्यांत गुंडाळ, म्हणजे काच फुटणार नाही, आणि जा. लाऊडस्पीकर विकायचे की ठेवायचे ते तू आणि वहिनी ठरवा, मी त्यात तोंड घालत नाही.

बाजार व्हावा असं मला अजूनही वाटतं. तुला शाळाच हवी असेल. कधी भेटलो तर भांडू, पण त्यावरच. आता बरेच दिवस मला निघता येणार नाही. मालकाला दोन वर्षं इथून न हलण्याची सही दिली आणि उचल घेतली. लांब्या म्हणाला, तू आणि दोन वर्षं एका जागी, पैज लाव. लावली.

तिथे पोचल्यावर वहिनीनं दार उघडलं तर कारणं सांगत बसू नकोस. आधी आत जा. नाही उघडलं तर बाहेर बस, पण परत फिरू नकोस. ती रोज कामाला जाते, कधीतरी उघडेलच.

माझ्याविषयी जे काही वाटत असेल, बरं-वाईट, ते तसंच असू दे.

तुझा
धाकटा

ता. क. खोलीची आगाऊ रक्कम आणि तुझं गाडीभाडं धरून आज पाठवलेत अठ्ठावीस हजार.